डोळ्यातला कापूस

गेल्या वर्षी मे महिन्यात मी कूलरच्या स्टँडचं वेल्डिंग उघड्या डोळ्यांनी पाहत उभा राहिलो, आणि नंतर डोळे दुखतात म्हणून बारा दिवस ते बधिर करून वापरले. चूक एवढीच. ती जरा बरी दिसावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली. नातेवाइकांना वर्षभर "ऊन लागलं" असं सांगत होतो. नागपुरात उन्हावर काहीही ढकललं तरी लोक मान डोलावतात.

आता पुन्हा एप्रिल आला आहे आणि गल्लीतले कूलर बाहेर पडले आहेत. पत्र्याच्या पेट्या नळाखाली धुतल्या जाताहेत, मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत कोपऱ्याकोपऱ्यावर साचलं आहे. पंप सुरू झाला की आतून कुणीतरी ओरडतं, "आलं काय पाणी?" आणि बाहेरून उत्तर येतं, "एकाच बाजूनं येऊन राहिलं!" कोरड्या खसवरून, म्हणजे वाळ्यावरून, पहिलं पाणी उतरतं तेव्हाचा तो मातकट, थंड वास एरवी मला वेड लावतो. यंदा तो आला की मी नाकावर पंचा धरतो.

मी मागच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून लिहितो आहे. बाहेर शेषराव आला आहे. शेषराव म्हणजे आमच्या भागातला वेल्डर. तो तोच स्टँड पुन्हा जोडतो आहे. ठिणगी पडली की समोरच्या भिंतीवर निळा लखलखाट होतो आणि माझी मान आपोआप आखडते. खोलीची कडी माझ्या बायकोनं, कुंदानं, बाहेरून लावली आहे. दुपारी चार वाजता मला डॉक्टरकडे जायचं आहे, आणि तिथं पुढच्या हंगामाचा निकाल लागणार आहे. तोवर मी कुठल्याही ठिणगीच्या वाटेला जाऊ नये, एवढीच तिची इच्छा.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे मूर्खपणाची खोली कळेल. सावनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापूस पाहतो. तीस वर्षं झाली. ग्रेडर म्हणतात आम्हाला. ढिगातून चिमूट उचलायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, तंतू सारखे करून बाहीवर ठेवायचे आणि लांबी सांगायची. मग रंग. पांढरा, दुधाळ, पिवळसर, डागी. हा रंग थेट उन्हात पाहायचा नसतो, ऊन खोटं बोलतं. उत्तरेच्या दारातून येणाऱ्या उजेडात पाहायचा. हे मी नव्या पोरांना इतक्या वेळा सांगितलं आहे की ती माझ्या मागे माझ्याच आवाजात म्हणतात. धंद्यामुळे दुसरी एक खोड लागली. दिसेल त्या वस्तूला दर्जा द्यायचा. आंबा, भाकरी, लग्नातला मांडव, शेजाऱ्याचा जावई. आमच्या घरात माझ्या मताला फारशी मागणी नाही, पुरवठा मात्र भरपूर.

तर त्या सकाळी शेषराव स्टँडचा पाय जोडत होता आणि मी दर्जा द्यायला हजर होतो.

"काकाजी, इकडं पाहू नका," तो तोंडासमोर काळ्या काचेची ढाल धरून म्हणाला.

"पाय तिरपा जाऊन राहिला तुझा."

"तिरपा नाही जात. तुम्ही तिकडं तोंड करा ना."

"अरे, मी तीस वर्षं डोळ्यांवर पोट भरलं. मले नको सांगू कुठं पाहायचं ते."

अर्धा तास पाहिलं. पाय सरळ बसला. शेषरावनं तो सरळच बसवला होता, माझ्या पाहण्यानं त्यात काही फरक पडला नव्हता.

संध्याकाळी दिवे लागले आणि कुणीतरी दोन्ही पापण्यांखाली ओंजळ ओंजळ वाळू ओतली. उघडले तरी आग, मिटले तरी आग. ट्यूबलाइटकडे पाहिलं तर डोक्याच्या मागपर्यंत सळई गेल्यासारखं वाटे. मी आंधळ्यासारखा चाचपडत शेषरावला फोन लावला. तो आधी हसला, मग कळवळला. "आमच्यात सगळ्याइलेच होते हे. मेडिकलमधून बधिर करायचे थेंब आणा. दोन थेंब टाका अन् झोपा. सकाळी बाटली फेकून द्या. ऐकलं काय? फेकून द्या."

ऐकलं होतं. चांगलं दोनदा ऐकलं होतं.

थेंब पडला आणि अर्ध्या मिनिटात आग विझली. असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. पण थेंबाचा असर उतरला की आग परत येई, आणि येताना थोडी जास्त घेऊन येई. मी बाटली फेकली नाही. पहिल्या दिवशी चारदा टाकले, मग तासातासाला, मग अर्ध्या तासाला. कुंदाला सांगितलं, थंडाव्याचे थेंब आहेत. बाटली संपली की दुसरी आणायचो. त्यासाठी तिसऱ्या दिवसापासून मेडिकलचं दुकान बदलायला लागलो, यावरून मला आतून सगळं कळत होतं हे सिद्ध होतं.

नवव्या दिवशी शेठजींचा फोन आला. शेवटचा लॉट पडला आहे, गिरणीची पार्टी येते आहे, तुमच्या हातानं दाखवून द्या. नाही म्हणणं मला जमत नाही. सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक काळा गॉगल घेतला आणि गेलो. पार्टीचा माणूस म्हणाला, "गॉगल लावून कापूस पाहता? शूटिंगवरून येऊन राहिले काय?" सगळे हसले. मी भिंतीआड गेलो, दोन-दोन थेंब टाकले, गॉगल खिशात घातला आणि बाहेर आलो.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, सुरू होता. दुपारी दोनचं ऊन, आवारात पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग, म्हणजे चुन्याची भिंत पेटल्यासारखा प्रकाश. शेठजी, पार्टी, हमाल, सगळे कपाळावर हात धरून डोळे किलकिले करून उभे. मी एकटा डोळे ताणून, पापणीही न लववता त्या उजेडात पाहत होतो. कडांना थोडं धुकं होतं, ते मी धुळीवर ढकललं. खरं सांगतो, मला गर्व वाटला. वाटलं, हे तर बरंच झालं.

तेवढ्यात सुमनबाई, आमच्याकडची जुनी रेजा, म्हणजे मजूरबाई, डोक्यावरचं टोपलं खाली ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, हलू नका."

"काहून?"

"तुमच्या डोयात कापूस हाय."

तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि अलगद माझ्या उजव्या डोळ्यावरून काढलं. बोटभर लांबीचा तंतू, थेट बुबुळावर चिकटलेला. जिनिंगमध्ये कापूस उडतच असतो, दिवसभर जो तो डोळे चोळत असतो. मी सकाळपासून एकदाही चोळले नव्हते.

"एवढा मोठा बसला व्हता. तुमाले समजलं नाई?"

"आमची जुनी ओळख आहे," मी म्हणालो. "तो आता विचारून येत नाही."

सगळे पुन्हा हसले. सुमनबाई हसली नाही. टोपलं उचलता उचलता म्हणाली, "आमच्या गाईचा डोया गेला ना, त्याच्याआंदी तिले बी माशी समजे नाई."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तरी आणखी तीन दिवस मी थेंब टाकत राहिलो.

या तीन दिवसांचा विचार मी वर्षभर केला आहे. आमच्या जिनिंगमध्ये कधीतरी एखादी ठिणगी कापसाबरोबर दाबली जाते आणि गाठीत बांधली जाते. बाहेरून गाठ पांढरी, आवळलेली, गप्प. आत दोन दोन दिवस धुमसत असते. म्हणून नव्या गाठी आम्ही वेगळ्या ठेवतो, हाताच्या पालथ्या बाजूनं चाचपतो, वास घेतो. शांत गाठीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी स्वतः शिकवतो. आणि तसल्याच दोन गाठी तोंडावर घेऊन मी बारा दिवस गावभर हिंडलो, वर धूर दिसला की त्यावर थेंब टाकत.

बाराव्या दिवशी उजव्या डोळ्यानं कुंदाचा चेहरा दिसेना. म्हणजे ती आहे हे दिसे, चेहरा दिसेना. तेव्हा तिनं मला स्कूटीवर मागे बसवलं, डोक्यावरून ओला पंचा टाकला आणि धरमपेठेत नेलं. सिग्नलवर उन्हासाठी हिरवी जाळी बांधलेली असते ना, तिच्याखाली थांबलो की मला वाटे, दिवा लालच राहू दे. बाजूच्या गाडीच्या काचेवरून ऊन उडालं की पंच्यातूनही सुऱ्या येत.

डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी यंत्रातून पाहिलं. मग ट्रेमधून कापसाचा बोळा घेतला, त्याची एक बट चिमटीत पिळून बारीक टोक काढलं. ते पिळणं मी ग्रेडरच्या नजरेनं पाहिलं, जमलं होतं. "वर बघा, काका." बाजूनं त्यांनी ते टोक आणलं असावं. मी वर पाहत राहिलो. पंखा फिरत होता.

"कळलं?"

"काय?"

त्यांनी पुन्हा केलं. मी पुन्हा पंखा पाहिला.

"काका, डोळ्यात काय टाकता?"

"गुलाबजल," मी म्हणालो.

कुंदा खुर्चीतून उठली, माझ्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि बाटली टेबलावर ठेवली. मग पँटच्या खिशातून दुसरी. मॅडमनी लेबल वाचलं आणि दोन्ही बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

मी वेल्डिंगपासून सगळं सांगितल्यावर त्यांनी समजावलं, ते मला अजून पाठ आहे. डोळ्याच्या पुढच्या काचेत नसांची अशी दाटी असते की अंगावर दुसरीकडे कुठं तशी नसते. कुसळ आलं की त्या ओरडतात, पापणी मिटते, पाणी येतं. डोळा सोलला की उजेडही त्यांनाच टोचतो, म्हणून माणूस अंधारात पडून राहतो आणि डोळ्याला भरून यायला वेळ मिळतो. जखम भरायला लागणारी रसदही त्याच नसा पोचवतात. "तुम्ही त्यांची तोंडं बांधली," मॅडम म्हणाल्या. "वेल्डिंगचं दुखणं दोन दिवसांत गेलं असतं. आताची जखम ही थेंबांची आहे. डावा सुटेल. उजव्याचं आठ दिवस बघू. भरला नाही, तर पापणी शिवावी लागेल."

"कोणाची?" मी विचारलं. भीती वाटली की मला असले प्रश्न सुचतात.

"माझी शिवा मॅडम," कुंदा म्हणाली. "म्हणजे मले हे ध्यान तरी दिसणार नाई."

पण स्कूटी सुरू करण्याआधी तिनं पंचा पुन्हा ओला करून माझ्या डोक्यावर नीट खोचला.

ते आठ दिवस. थेंब बंद, म्हणजे आग पूर्ण जोरात. खिडक्यांना काळा कागद लावला. तरीही मेचा उजेड शिरायला जागा शोधतोच. कडीच्या भोकातून, कूलरच्या ताटीतून, दाराखालून. भिंतीवर सुईएवढा ठिपका पडे आणि मी तोंड उशीत खुपसे. फ्रीज उघडला की त्याच्या दिव्यानं मी ओरडे. कुंदानं स्टीलची ताटं वर ठेवून दिली, चकाकतात म्हणून, आणि आम्ही दोघं अंधारात पत्रावळीवर जेवलो. दर तासाला ती मलम घाले. फोनची घंटा तिनं बंद केली होती, तिला त्याआधीच जाग येई.

एका दुपारी तिनं विचारलं, "एका डोळ्यानं कापूस दिसते काय?"

"दिसते."

"खरं सांगा."

"लांबी सांगता येईल, ते बोटांचं काम आहे. रंगाचं…" कूलर घरघरत होता. तिनं माझा हात घेतला, आणि तिला कळलं की माझ्या मुठीत कापूस आहे. मी उशीला भोक पाडून चिमटीचिमटीनं काढत होतो, अंधारात ओढून पाहत होतो. "उशी फाडली काय?" एवढंच म्हणाली. पण तिनं भोक शिवलं नाही, तसंच राहू दिलं.

आठव्या दिवशी मॅडमनी पिवळा रंग टाकून निळ्या दिव्यात पाहिलं. जखम काठाकाठानं सरकून मिटत आली होती. पापणी वाचली. मी पेढ्यांची भाषा करायला लागलो तेव्हा त्यांनी पुन्हा कापसाची बट पिळली. मी पुन्हा पंखा पाहिला.

"स्पर्श परत येईपर्यंत जिनिंगमध्ये पाऊल ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. "तंतू बसेल, घासेल, आणि तुम्हाला कळणार नाही. दुसऱ्यांदा मी वाचवू शकणार नाही."

"कधी येईल?"

"महिने लागतात. कधी कधी येत नाही."

दसरा झाला, नवा कापूस उतरला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मी घरी होतो. शेठजींनी एका नव्या मुलाला ठेवलं. एप्रिलपर्यंत वाट पाहतो म्हणाले, मग त्याला कायम करावं लागेल. ते बरोबरच आहे. तो मुलगा मला फोन करून शंका विचारी आणि मी डोळे मिटून उत्तरं देई.

या काळात कुंदानं स्वतःची एक तपासणी शोधून काढली. रोज संध्याकाळी मला कांदे चिरायला बसवायचं. डावा डोळा घळाघळा वाही. उजवा कोरडा ठणठणीत, कांद्याकडे असा पाही जणू ओळखच नाही. कुंदा समोर बसून त्या उजव्या डोळ्यात पाहत राही. घरात कांद्याचा एवढा साठा झाला की महिनाभर आमच्याकडे फक्त झुणकाच होता. शेजारीण एकदा आपली वाटी न्यायला डोकावली. एका डोळ्यानं रडणारा नवरा आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारी बायको बघून ती वाटी न घेताच परत गेली. ऑक्टोबरात मॅडम म्हणाल्या, अजून नाही. जानेवारीत म्हणाल्या, एका कडेला थोडंसं. परवा कांदा चिरताना उजव्या डोळ्यातून काहीतरी ओघळलं. मी ओरडलो, "कुंदा, पाणी! उजव्यातून!" तिनं बोटानं पुसून पाहिलं. "घाम हाय," म्हणाली.

साडेतीन वाजले. शेषरावची ठिणगी थांबली आहे. कडी निघाल्याचा आवाज आला.

पुढचं परत आल्यावर लिहितो आहे.

निघताना शेषराव फाटकापाशी पैसे न घेताच उभा होता. "काकाजी, स्टँड पाहून घ्या," म्हणाला. मी त्याच्याकडे न पाहता म्हटलं, "चांगला आहे." तीस वर्षांत न पाहता दिलेला हा माझा पहिला दर्जा.

मॅडमनी बट पिळली. एवढ्याशा कापसावर सावनेरचं आवार, उत्तरेचं दार, सगळं टांगलेलं. वर पाहिलं. पंखा.

"लागलं!" मी म्हणालो.

"अजून लावलाच नाही, काका."

कुंदानं मागून दीर्घ श्वास सोडला. मी तोंड मिटून घेतलं. पंख्याच्या पात्यावर धूळ होती. पाती मोजायचा प्रयत्न केला. एक, दोन,

आणि पापणी फाटकन मिटली. मला न विचारता, माझ्या आधी. आत बारीक, तिखट, स्वच्छ अशी टोचणी, आणि मग उजव्या गालावरून खाली गरम पाणी.

मॅडमनी चारही कडांना करून पाहिलं. खालच्या कोपऱ्यात अजून जरा मंद आहे, म्हणाल्या. बाकी आलं. बाजूनं बंद असलेला चष्मा लावून दसऱ्याला जायला हरकत नाही. मी कुंदाकडे वळलो. ती माझ्या गालाकडे पाहत होती. या वेळी तिनं पुसून पाहिलं नाही.

आनंद झाला की मला गप्प बसता येत नाही. मी मॅडमच्या हातातून ती बट घेतली, दोन्ही अंगठ्यांत धरली, ओढली, तंतू बाहीवर ठेवले. "मॅडम," मी म्हणालो, "हा अगदी आखूड धाग्याचा माल आहे. रंगही पावडर मारून आणलेला. मला विचारून घेत जा. कापूस माझ्या नजरेतून सुटत नाही."

"मॅडम, ह्यायचं काही ऐकू नका," कुंदा पर्स उचलत म्हणाली. "स्वतःच्या डोळ्यातला कापूस ह्यायले सुमनबाईनं दाखवला होता."